ईयोबाचे मित्र सुखाचे सोबती नव्हते

बायबलमधला ईयोब हा सज्जन, श्रीमंत माणूस; काही दोष नसताना त्याच्यावर संकटं कोसळतात. त्याचे तिघे मित्र ढोंगी होते, सुखाचे सोबती होते, हे इतकं रुळलंय की मूळ कथा कोणी उघडूनच पाहत नाही.

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार मांडले: उपयोगाची, मौजेची आणि सद्गुणावर उभी असलेली. पहिल्या दोन्ही कारण संपलं की विरतात. ईयोबाची ७००० मेंढरं, ३००० उंट, दहाही मुलं गेली. अंगभर फोड उठले. त्याच्याकडून मिळण्यासारखं काहीच उरलं नाही, आणि नेमके तेव्हाच अलीफज, बिल्दद नि सोफर आपापल्या गावांहून एकमेकांशी ठरवून निघाले. दुरून त्याला ओळखताही येईना. ते मोठ्याने रडले, त्यांनी कपडे फाडले, आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्दही न बोलता! माझ्या मते ही तिसऱ्याच प्रकारची मैत्री.

ते चुकले पुढे, तोंड उघडल्यावर. दुःख म्हणजे पापाची शिक्षा, हा त्यांचा पक्का समज. तो जपण्यापायी त्यांनी मित्रालाच दोषी ठरवलं. शेवटी देव रागावतो तोही त्यांच्या बोलण्यावर, येण्यावर नव्हे. आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करतो तो ईयोबच.