गावातल्या पहिलीत फ्रेंच: न्यू ब्रन्सविकच्या इमर्शन वादाची पार्श्वभूमी

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात फ्रेंच इमर्शनचा, म्हणजे इंग्रजी शाळांतल्या मुलांना फ्रेंच माध्यमात शिकवण्याच्या पद्धतीचा, विषय निघाला की चर्चा लगेच वयावर येते. मुलाला फ्रेंच माध्यमात कधी घालावं, पहिलीत, तिसरीत की सहावीत? फ्रेडरिक्टन आणि मंक्टन या शहरांतल्या पालकांपुढे, तिथे येऊन राहिलेल्या भारतीय कुटुंबांपुढेही, हा प्रश्न खरोखर असतो. सेंट जॉन नदीच्या वरच्या खोऱ्यात, शार्लट काउंटीत किंवा मिरामिशीच्या आसपासच्या वस्त्यांवर मात्र त्याआधीचाच प्रश्न सुटलेला नाही: जवळच्या शाळेत इमर्शनचा वर्ग आहे का? २००८ पासूनचे मोठे निर्णय ज्या मुलांची नावं पुढे करून झाले, त्यांत हीच गावाकडची मुलं होती. त्यांच्या वाट्याला काय आलं, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं.

इमर्शनचा जन्म शहरी. १९६५ मध्ये माँट्रियलच्या सेंट लँबर्ट या उपनगरात इंग्रजीभाषक पालकांनी पाठपुरावा करून बालवाडीचा पहिला वर्ग उघडायला लावला. वर्गातला सगळा व्यवहार फ्रेंचमध्ये, इंग्रजी वाचन-लेखन नंतर. मुलं इंग्रजीत मागे पडली नाहीत असं संशोधनातून दिसल्यावर ही पद्धत देशभर पसरली. १९६९ मध्ये न्यू ब्रन्सविक अधिकृतपणे द्विभाषिक झालं, १९७४ मध्ये शिक्षण खात्याचे इंग्रजी आणि फ्रेंच असे दोन विभाग झाले. इमर्शन इंग्रजी विभागात येतं. अकाडियन, म्हणजे इथल्या जुन्या फ्रेंचभाषक समाजाच्या, गावांतल्या फ्रेंच शाळा ही वेगळी व्यवस्था, आणि तिचा इतिहासही वेगळा आहे. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीत इंग्रजी आलं ते विषय म्हणून. इथे फ्रेंच हे माध्यम आहे, पहिलीचा जवळपास सगळा दिवस त्याच भाषेत जातो.

ही रचना गृहीत काय धरते, तर एकाच इयत्तेत दोन तुकड्या निघतील इतकी मुलं. समजा गावातल्या पहिलीत सोळा मुलं आहेत आणि सात जणांच्या पालकांना इमर्शन हवं आहे. सातांसाठी वेगळी शिक्षिका मिळणं अवघड. मिळालीच तर उरलेल्या नऊ जणांना दुसरीबरोबर जोडवर्गात बसवावं लागतं, आणि तिथले पालक नाराज होतात, त्यांचंही चूक नसतं. वर्ग निघाला नाही तर हौशी पालकांपुढे एकच वाट उरते, मुलाला पिवळ्या बसने किंवा स्वतःच्या गाडीने पुढच्या गावच्या शाळेत धाडायचं. जानेवारीत, अजून उजाडलेलं नसताना, सहा वर्षांच्या मुलाला. ज्या घरात एकच गाडी आणि ती घेऊन बाप लाकडाच्या गिरणीवर पहाटे निघून गेलेला, त्या घरात इमर्शनचा विचार तिथेच थांबतो.

आता २००८ कडे येऊ, कारण आजचे सगळे गुंते तिथूनच सुरू होतात. फेब्रुवारीत दोन सदस्यांच्या समितीने फ्रेंच अध्यापनाचा आढावा सरकारपुढे ठेवला. तिचं म्हणणं थोडक्यात असं: इमर्शनमुळे शाळेत दोन थर पडले आहेत. १९८६ पासून या प्रांतात विशेष गरजा असलेली मुलं कायद्यानेच सर्वसाधारण वर्गात बसतात, पण इमर्शनच्या वर्गात त्यांना हवी ती मदत पुरेशी मिळत नाही. म्हणून ती इंग्रजी वर्गात साठतात. सुखवस्तू घरातली मुलं इमर्शनमध्ये, अडचणीतली मुलं इंग्रजीत. शिवाय पहिलीत सुरुवात केलेल्यांपैकी बरीच मुलं शाळा संपेपर्यंत इमर्शनमध्ये टिकत नाहीत. प्रांतातल्याच एका विद्यापीठातल्या संशोधकाने पुढे थरांबद्दलच्या या निरीक्षणाला आकडेवारीचा आधार दिला. दुसऱ्या अभ्यासकांनी समितीने आकडे कसे वाचले यावर कडक टीका केली, विशेषतः लवकर आणि उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या तुलनेवर. उशिरा सुरू करणारी मुलं बहुधा आधीपासून अभ्यासात बरी आणि स्वतःहून आलेली असतात, त्यांची बरोबरी पहिलीच्या सरसकट मुलांशी करता येत नाही, हा त्यांचा मुद्दा मला आजही पटतो.

थरांचं निरीक्षण मात्र खोटं नव्हतं. गावात ते अधिक ठळक दिसतं, कारण तिथे सोळातली सात मुलं उठून गेली की उरलेला वर्ग कसा दिसतो हे सगळ्यांनाच कळतं. पण रोगाचं निदान बरोबर म्हणून औषधही बरोबर, असं होत नाही. इमर्शनच्या वर्गात साहाय्यक शिक्षक द्यायचे, लहान शाळांना पटसंख्येची अट शिथिल करायची, हे मार्ग मोकळे होते. १४ मार्च २००८ रोजी, अहवालानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं की पहिलीचं इमर्शन सप्टेंबरपासून बंद. खालच्या इयत्तांतला रोजचा फ्रेंचचा तासही बंद. पाचवीत सगळ्यांना सघन फ्रेंच, आणि सहावीपासून ज्याला हवं त्याला इमर्शन. काहींना मिळतं आणि काहींना नाही, म्हणून ते कोणालाच नको, असा त्याचा अर्थ झाला. समानतेची अशी व्याख्या मला मान्य नाही.

फ्रेडरिक्टनमध्ये मोर्चे निघाले, दोन पालक कोर्टात गेले. जूनमध्ये न्यायाधीशांनी निर्णय रद्द केला. त्यांनी लवकर इमर्शन चांगलं की वाईट याचा निवाडा केला नव्हता, लोकांना म्हणणं मांडायला पुरेसा वेळ दिला नाही, एवढ्यावर सरकारचा निर्णय टिकला नाही. हा फरक पुढच्या वादांत वारंवार पुसला गेला आणि दोन्ही बाजूंनी तो निकाल आपापल्या सोयीने वाचला. उन्हाळ्यात सरकारने पुन्हा मतं मागवली आणि ऑगस्टमध्ये तडजोड जाहीर केली: इमर्शन तिसरीपासून. तिसरी ही समितीच्या शिफारशीत नव्हती, आणि पालकांची मागणीही ती नव्हती. दोन टोकांच्या मधली जागा म्हणून ती निवडली गेली.

या गदारोळात एक चांगली गोष्ट झाकली गेली. पाचवीतलं सघन फ्रेंच म्हणजे वर्षातले साधारण पाच महिने दिवसाचा मोठा भाग फ्रेंचमध्ये, तोही संपूर्ण वर्गाने एकत्र. १९९८ मध्ये न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरमध्ये त्याचे प्रयोग सुरू झाले. या पद्धतीत वर्ग फोडावा लागत नाही, सोळाच्या सोळा मुलं एकाच खोलीत राहतात. लहान शाळेला हे झेपतं. पण ते पहिलीच्या इमर्शनची जागा घ्यायला आणलं गेलं, त्यामुळे शहरातल्या पालकांनी त्याच्याकडे शत्रू म्हणूनच पाहिलं. गावांच्या दृष्टीने दोन्ही हवं होतं: ज्या शाळेत शक्य तिथे पहिलीपासून इमर्शन, आणि बाकी सगळीकडे पाचवीचं सघन फ्रेंच, तेही मनापासून चालवलेलं.

सरकार बदललं आणि २०१७ च्या सप्टेंबरमध्ये इमर्शन पुन्हा पहिलीवर आलं. शहरांत आनंद झाला. गावांत वर्ग उघडण्याची गणितं तीच राहिली, आणि शिक्षकांची टंचाई आणखी जाणवू लागली. फ्रेंच येणाऱ्या शिक्षकाला प्रांतात कुठेही नोकरी मिळते, मग तो तास-दीड तास गाडी हाकून आडगावी का जाईल? नेमलेली शिक्षिका आजारी पडली किंवा बाळंतपणाच्या रजेवर गेली की बदली शिक्षक इंग्रजीच बोलणारा येतो, आणि फ्रेंच वर्ग काही आठवडे नावापुरताच फ्रेंच राहतो.

दरम्यान राग साठत होता, तो वेगळ्या दारातून बाहेर पडला. रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांना दोन्ही भाषा यायला हव्यात की नाही यावरून २०१८ मध्ये मोठा वाद झाला आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत भाषा धोरणाला विरोध करणाऱ्या एका छोट्या पक्षाने तीन जागा जिंकल्या. फ्रेंच समाजाला त्यातून दुखावल्यासारखं वाटलं, ते साहजिक आहे. आजारी माणसाला आपल्या भाषेत बोलता आलं पाहिजे, यात तडजोड नको. पण सरकारी नोकरीला फ्रेंच लागतं आणि गावच्या शाळेत ते शिकायची सोय नाही, ही तक्रारही खरी होती. तिचं उत्तर शाळेतच द्यायला हवं होतं.

ते देण्याचा प्रयत्न म्हणून २०२२ च्या अखेरीस नवी योजना आली: सप्टेंबर २०२३ पासून इमर्शनऐवजी बालवाडीपासून सगळ्यांनाच अर्धा दिवस फ्रेंच, वाचन आणि गणित इंग्रजीत. त्याआधीच ऑक्टोबरमध्ये शिक्षणमंत्र्यांनी राजीनामा दिला होता, त्यामागेही इमर्शन बदलण्याची सरकारची घाई होती. कागदावर ही योजना गावांच्या बाजूची दिसते: वर्ग फुटत नाही, कोणी वगळलं जात नाही. पण आहेत तेवढ्या इमर्शनच्या वर्गांना शिक्षक पुरत नसताना प्रत्येक बालवाडीला फ्रेंच येणारी शिक्षिका आठ-नऊ महिन्यांत कुठून आणणार, हे कोणालाच सांगता आलं नाही. जानेवारीतल्या सभांमध्ये पालक आणि शिक्षक दोघांनीही योजना झोडपून काढली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती मागे घेतली गेली. पहिलीचं इमर्शन वाचलं. ते ज्या शाळांत कधी पोचलंच नव्हतं, त्यांच्यासाठी मात्र माघारीबरोबर दुसरी कोणतीही योजना आली नाही, आणि तिथे वर्ग निघेल की नाही हे आजही त्या वर्षी किती पालकांनी नाव दिलं आणि शिक्षिका मिळाली का, यावरच ठरतं.