नौदलातील खांदेपालट : पाणबुड्या आणि सागरी टेहळणी विमाने

वय झालेल्या पाणबुड्या व सागरी टेहळणी विमाने सेवेतून काढून त्यांच्या जागी नवी आणण्याची, वर्षानुवर्षे चालणारी प्रक्रिया. दोन्हींचा विचार एकत्र करतात, कारण पाणबुडी लपते आणि विमान लपलेल्या पाणबुडीला हुडकते. विदर्भाला समुद्र नाही, पण तो वाटतो तितका लांबही नाही. गडचिरोलीहून सरळ रेषेत मुंबई साडेसातशे किलोमीटरच्या पुढे भरते, विशाखापट्टणम मात्र साडेचारशेच्या आसपास. आणि नौदलाच्या पूर्व विभागाचे मुख्यालय तिथेच आहे.

बैलबाजारात वय विचारत नाहीत, तोंड उघडून दात पाहतात : दोनदाती, चारदाती, जुळलेला. पाणबुडीचेही तसेच. कागदावरच्या वर्षांपेक्षा ती किती वेळा आणि किती खोल गेली याला महत्त्व. प्रत्येक बुडीत पाण्याचा दाब पोलादी कवच आवळतो, वर आल्यावर ते सैल होते. हजारो वेळा असे झाले की पोलाद थकते. मग खोलीची मर्यादा कमी करावी लागते. विमानाच्या पंखांना आणि सांध्यांनाही असाच थकवा येतो, त्यात खाऱ्या हवेचा गंज. शिवाय यंत्रे जुनी झाली की आवाज वाढतो, आणि आवाज करणारी पाणबुडी लपली काय अन् न लपली काय.

डिझेल पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी भरायची तर डिझेल इंजिन सुरू करावे लागते आणि त्याला हवा लागते. विहिरीवरचे इंजिन बंद खोपटात चालवून पाहिलेल्याला हे सांगायला नको. म्हणून पाणबुडी पृष्ठभागाजवळ येऊन श्वसननळी वर काढते. विमानाला ती सापडण्याची मोठी संधी हीच. बाहेरच्या हवेशिवाय वीज तयार करणारी यंत्रणा बसवली की ही पाळी लांबते. नव्या पाणबुडीत ही यंत्रणा हवीच, असा आग्रह आता सगळीकडे असतो तो यामुळे.

हुडकण्याचे काम मुख्यतः कानाने होते. विमान पाण्यात ध्वनिग्राहक तरंगक टाकते आणि त्यांनी पकडलेले आवाज वर बसून ऐकते. पण उन्हाळ्यात दुपारी मामा तलावात (माजी मालगुजारी तलाव) उतरले की वरचे पाणी कोमट लागते आणि पाय खाली सोडले की एकदम गार. समुद्रातही असे थर असतात. दोन थरांच्या सीमेवर आवाज वाकतो आणि खालची पाणबुडी वरून ऐकूच येत नाही. तरंगकाची तार थराखाली किती सोडायची, हा बराचसा अनुभवाचा भाग आहे. विमान विकत घेता येते. ऐकणारा कान तयार व्हायला वर्षे लागतात.

भारताची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी दाखल झाली. पुढची मोठी भर १९८६ ते १९९१ या काळात पडली : आठ रशियन बनावटीच्या ‘सिंधू’ मालिकेतल्या, दोन जर्मन. एकाच बाजारातून एकाच वेळी आणलेली जनावरे म्हातारीही एकाच वेळी होतात, आणि नेमके तेच झाले. २००० मध्ये ‘सिंधुशस्त्र’ आली, त्यानंतरची डिझेल पाणबुडी थेट डिसेंबर २०१७ मध्ये, नवी ‘कलवरी’. मधली सतरा वर्षे कोरडी गेली. वास्तविक १९९९ मध्येच तीस वर्षांत चोवीस पाणबुड्या बांधण्याचा आराखडा मंजूर झाला होता. माझगाव गोदीत बांधायच्या सहा स्कॉर्पीन (फ्रेंच आराखड्याच्या) पाणबुड्यांचा करार २००५ चा; नवी ‘कलवरी’ त्यांतलीच पहिली. सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. त्यातच १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईत ‘सिंधुरक्षक’वर स्फोट होऊन अठरा नौसैनिक मृत्युमुखी पडले.

अशा वेळी जुन्यालाच ठाकठीक करून ओढतात. ‘सिंधुकीर्ती’ची दुरुस्ती २००६ पासून नऊ वर्षे चालली. ‘शंकुश’च्या आयुर्मानवाढीचा करार २०२३ मध्ये झाला, तेव्हा ती छत्तिशी पार करून गेली होती. वाढीव आयुष्य फुकट मिळत नाही. दुरुस्तीला गेलेली पाणबुडी मोजणीत धरतात, समुद्रात मात्र नसते.

विमानांच्या बाबतीत हेच नौदल अधिक शहाणपणाने वागले, असे म्हणावे लागते. १९७७ पासून गोव्यात आयएल-३८ आणि १९८८ पासून टीयू-१४२ ही रशियन विमाने होती. टीयू-१४२ मार्च २०१७ मध्ये अरक्कोणम तळावर निवृत्त झाली, तेव्हा त्यांच्या जागी घेतलेली पहिली आठही पी-८आय विमाने तिथे येऊन उडत होती. नंतर आणखी चार आली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आयएल-३८ ने निरोप घेतला. पी-८आय हे बोइंग ७३७ या प्रवासी विमानावर बेतलेले. मूळ विमान हजारोंनी बनत असल्याने कारखाना, सुटे भाग, कारागीर सगळे तयार असते. पाणबुडीच्या गोदीला काम थांबले की कुशल वेल्डरही पांगतात.

हे पांगणे किती महाग पडते ते ब्रिटनने पाहिले. २०१० मध्ये त्यांनी जुनी निमरॉड विमाने निवृत्त केली आणि त्याच वर्षी त्यांच्या जागी येणारी नवीही रद्द केली. पहिले पी-८ त्यांच्याकडे २०२० मध्ये उतरले. मधल्या काळात स्कॉटलंडजवळ परकी पाणबुडी असल्याचा संशय आला, तेव्हा शोधायला मित्रदेशांची विमाने बोलवावी लागली. एक गोष्ट मात्र त्यांनी नीट केली : आपले काही वैमानिक आणि ऐकणारे कर्मचारी अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड यांच्या विमानांवर पाठवून कसब टिकवले. या योजनेचे नाव ‘सीडकॉर्न’, म्हणजे पुढच्या पेरणीसाठी राखलेले दाणे. घरात कितीही ओढ असली तरी ढोलीतल्या बियाण्याच्या धानाला हात लावायचा नसतो, हे झाडीपट्टीतल्या कोणालाही समजावावे लागणार नाही. नवा गोऱ्हाही एकटा जुंपत नाहीत. जुन्या बैलाच्या जोडीला लावून तास धरायला शिकवतात. पाणबुडीवरही नवखा नौसैनिक जुन्या हातांखालीच तयार होतो, म्हणून जुनी जाण्याआधी नवी यावी लागते.

निवृत्तीच्या दिवशी सूर्यास्ताला ध्वज उतरवतात. नाव पुष्कळदा मरत नाही : कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर ही नावे जुन्या पाणबुड्यांवरून नव्यांना मिळाली. काही पाणबुड्या भंगारात जातात, एखादी दुसऱ्या देशाला मिळते. ‘सिंधुवीर’ २०२० मध्ये म्यानमारला गेली. ‘कुरसुरा’ २००१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर तिचे संग्रहालय झाले. नागपूर-गोंदियावरून जाणाऱ्या समता एक्स्प्रेसने तिथवर पोचता येते. आत कप्प्याकप्प्यांमध्ये गोल दारे आहेत; मोठ्या माणसाला आधी एक पाय, मग डोके, मग दुसरा पाय असे घुसावे लागते. बाहेर आले की रस्त्यापलीकडे निवृत्त टीयू-१४२ उभे दिसते.