घाटरस्त्यांसाठी ग्रॅव्हल सायकलचे गिअर

खाली वळलेले हँडल, ३५ ते ५० मिलिमीटर रुंद टायर आणि डांबर संपल्यावरही चालायची तयारी, ही ग्रॅव्हल सायकलची ओळख. विदर्भातला मुरूम, गिट्टी आणि बैलबंडीच्या चाकोऱ्या पडलेली पांदण तिला मानवते. तिचे गिअर निवडायचे म्हणजे पुढच्या चकतीचे आणि मागच्या कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या लहानमोठ्या चकत्यांच्या संचाचे) दाते ठरवायचे. पुढचे दाते भागिले मागचे दाते, तितके फेरे पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक घेते.

अमरावतीहून चिखलदऱ्याला निघाले की परतवाड्यापर्यंतचे सुमारे ५० किलोमीटर कपाशी आणि संत्र्यांच्या सपाटीतले. फसगत इथेच होते, कारण सकाळच्या गारव्यात मोठा, जड गिअर झकास वाटतो. पुढे सातपुडा लागतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर, म्हणजे अमरावतीहून साडेसातशे मीटर उंच. चढाची सरासरी काढली तर मामुली भरते. पण सरासरीवर कोणी घाट चढत नाही.

समजा, स्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो आणि चढ आठ टक्क्यांचा. पुढे ३४, मागे २८ दाते असतील तर मिनिटाला पायडलच्या ६० फेऱ्यांनी वेग ताशी साडेनऊ किलोमीटर पडतो आणि पायांतून सुमारे २०० वॉट मागतो. पुढे ४०, मागे ४२ असतील तर त्याच फेऱ्यांना वेग साडेसात आणि गरज १६० वॉटच्या आसपास. चौथ्या तासाला हा फरक गुडघे सांगतात. डांबरावर उभे राहून, अंग टाकून वेळ मारून नेता येते. मुरमावर उभे राहिले की मागच्या चाकावरचा भार हलका होतो आणि चाक जागीच गरगरते. बसूनच चढायचे असल्याने इथे सर्वांत हलका गिअर एकास एकच्याही खाली, म्हणजे पुढच्यापेक्षा मागे जास्त दात्यांचा हवा. हलक्या गिअरची लाज जुनीच: टूर द फ्रान्स शर्यतीतसुद्धा डिरेलरला, म्हणजे चालत्या सायकलची चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला, १९३७ मध्येच परवानगी मिळाली.

पुढे एक चकती की दोन, हा वाद न संपणारा. ४० दात्यांची एकच चकती आणि ११-४२ (११ ते ४२ दात्यांची) कॅसेट सुटसुटीत, चिखलात कमी कटकटीची. मात्र कॅसेटवर २४ नंतर थेट २८, ३२ नंतर ३७. दर बदलाला पायांची लय तुटते. ४६/३० ची जोडी आणि ११-३४ कॅसेट घेतली तर मधले टप्पे जवळजवळ आणि तळाचा गिअरही जास्त हलका. आधी मैलोगणिक सपाटी, मग घाट, अशा वाटेला जोडीच बरी. उताराची चिंता नको: ४० ला ११ वरही मिनिटाला ९० फेऱ्यांत ताशी ४३ किलोमीटर निघतात.

कॅसेट वाढवताना डिरेलर किती दाते पेलतो ते आधी पाहावे, चेनही लांब लागते. पावसाळ्यात काळ्या मातीत कोणताच गिअर कामाचा नाही. माती टायर आणि फोर्कच्या मध्ये थापून बसते, चाक अडते आणि काडीने ती उकरत पायीच चालावे लागते.