काप्रिच्चो (मुद्राचित्र)

काप्रिच्चो (इटालियन शब्द, अर्थ ‘लहर’) : धार्मिक, पौराणिक किंवा ऐतिहासिक असा ठरीव विषय न घेता चित्रकाराने आपल्याच कल्पनेने रचलेले चित्र. रंगचित्रांतही हा प्रकार आढळतो. पण त्याला खरा बहर आला तो सतराव्या-अठराव्या शतकांत, इटलीतल्या आणि पुढे स्पेनमधल्या अम्लरेखनात, म्हणजे एचिंगमध्ये. तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचे आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. धातू खोदण्याचे कष्ट ॲसिड घेते, त्यामुळे हात कागदावर चालावा तसा मोकळा चालतो. लहरीला हे माध्यम मानवले यात नवल नाही. नवल आहे ते या लहरीत पूर्वसूरींकडून केलेल्या उसनवारीचे.

मुद्राचित्रांत, म्हणजे पत्र्यावरून कागदावर छापलेल्या चित्रांत, या प्रकाराला नाव मिळवून दिले ते लोरेनच्या झाक कालोने (१५९२–१६३५). फ्लॉरेन्सच्या मेदिची या राजघराण्याच्या दरबारात असताना सुमारे १६१७ मध्ये त्याने तळहाताएवढ्या ५० चित्रांचा संच काढला. त्यातल्या काही चित्रांत एकच माणूस शेजारीशेजारी दोनदा दिसतो : एकदा नुसत्या बाह्यरेषेत, एकदा छायेसह. शिकणाऱ्याने पाहून गिरवावे, ही त्यामागची सोय. म्हणजे काप्रिच्चोचा पहिला प्रसिद्ध संच काही अंशी कित्त्याची वहीच होता. कालोने मऊ थराऐवजी ल्यूट हे तंतुवाद्य बनवणाऱ्या कारागिरांचे कडक व्हार्निश वापरले आणि तिरप्या टोकाच्या सुईने रेघ हवी तिथे जाड, हवी तिथे बारीक केली. फ्रेंच मुद्राचित्रकार आब्राआम बॉसच्या १६४५ च्या ग्रंथामुळे ही पद्धत युरोपभर पोचली.

व्हेनिसच्या जोव्हान्नी बात्तिस्ता त्येपोलोने (१६९६–१७७०) जादूगार, साप, घुबडे, कवट्या यांची जी विलक्षण दुनिया उभी केली, तिची मुळे सतराव्या शतकातल्या इटालियन चित्रकार कास्तील्योनेच्या एचिंगमध्ये सापडतात. आणि कास्तील्योने तर स्वतःच रेम्ब्रांटच्या छापांवर पोसलेला. त्येपोलोच्या चित्रांत गोष्ट घडते आहे असे वाटते, पण कोणती ते शेवटपर्यंत कळत नाही.

त्येपोलोची तुटक, थरथरती रेघ जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसीने (१७२०–७८) उचलली आणि वास्तूंना लावली. ‘कार्चेरी’ या कल्पित तुरुंगांच्या मालिकेची पहिली आवृत्ती सुमारे १७५० ची, १४ चित्रांची. रेघा सैल, पांढरी जागा भरपूर. नाटकाच्या पडद्यासाठी भराभर काढलेले आराखडे वाटावेत अशी. १७६१ मध्ये त्याने तेच पत्रे पुन्हा हाती घेतले, दोन नवे जोडले आणि सगळे गडद करून टाकले. जिने वाढले, साखळदंड आणि छळाची यंत्रे वाढली, कमानींमागे आणखी कमानी आल्या. इथे पिरानेसीचा पूर्वसूरी म्हणजे तरुणपणचा पिरानेसीच. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या तर दुसरी जास्त भेदक वाटते. पहिलीतली हवा मात्र तिच्यात उरलेली नाही.

फ्रान्सिस्को गोयाच्या (१७४६–१८२८) ‘लोस काप्रिचोस’ या ८० चित्रांच्या संचाची जाहिरात ६ फेब्रुवारी १७९९ रोजी ‘दियारिओ दे माद्रिद’मध्ये आली. किंमत ३२० रेआल (स्पेनचे तेव्हाचे नाणे). विक्री गोयाच्याच रस्त्यावरच्या, अत्तरे आणि मद्ये विकणाऱ्या दुकानात. चित्रकाराने दुसऱ्या कोणाचा कित्ता गिरवलेला नाही, असे त्या जाहिरातीत म्हटले होते. हे शब्दशः घेऊ नये. १७७८ मध्ये याच गोयाने आधीच्या शतकातल्या स्पॅनिश चित्रकार वेलास्केसची चित्रे पाहून एचिंग केली होती, आणि त्येपोलोची अखेरची वर्षे माद्रिदमध्येच गेली होती. त्येपोलोची घुबडे गोयाच्या ४३ व्या चित्रात, झोपलेल्या माणसामागे, फडफडताना दिसतात. पण गोयाच्या हाती कालो-त्येपोलोंकडे नसलेले एक साधन होते : ॲक्वाटिंट. पत्र्यावर राळेची भुकटी पसरून ती गरम करून चिकटवायची. ॲसिड कणांच्या मधल्या जागा खाते आणि रेघेऐवजी सलग करडी छटा मिळते. ३२ व्या चित्रात तर रेघ नाहीच. कोठडीत बसलेली बाई, वरचा कंदील, भिंतीवरचा अंधार, सगळे नुसत्या छटांचे. संच खपले अवघे २७. १८०३ मध्ये गोयाने तांब्याचे पत्रे आणि उरलेले संच राजाला दिले व त्या बदल्यात मुलासाठी वेतन मिळवले.

पुढे गोया स्वतःच उसनवारीचे भांडार झाला. फ्रेंच चित्रकार ओदिलाँ रदाँने १८८५ मध्ये त्याच्या नावे सहा शिलामुद्रणे (लिथोग्राफ) केली. त्यात गोयाची एकही आकृती नाही, तरी हवा त्याचीच आहे. साल्वादोर दालीने १९७७ मध्ये गोयाच्या सगळ्या ८० चित्रांच्या प्रतिकृती घेऊन त्यांवर आपल्या आकृत्या आणि रंग चढवले. ही मात्र उसनवारीपेक्षा समासातली शेरेबाजी ठरते. गोयाचे मूळ ताम्रपट माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीकडे आहेत, पिरानेसीचे रोममध्ये.