ट्यूब अँपचं किट घेताय? आधी घरातलं व्होल्टेज मोजा

लातूरला एमआयडीसीच्या रस्त्याला एक मोटर वायंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते, जळालेल्या मोटरींची रांग, वार्निशचा वास आणि मधोमध मामा तांब्याची तार गुंडाळत बसलेले. मी मोटर भरायला नव्हतो गेलो, गिटार अँपच्या किटमधला, म्हणजे सुटे भाग मागवून घरी जोडायच्या अँपमधला, मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर घेऊन गेलो होतो, कारण मला तो खराब वाटत होता. मामांनी तो उजेडात धरला, त्याच्या कोअरच्या, म्हणजे लोखंडी गाभ्याच्या, ई आणि आय आकाराच्या पत्त्यांवरून नख फिरवलं आणि म्हणले, "सर, ह्याच्या ई पत्त्या सगळ्या एकाच बाजूनं घातल्यात. अन् आय पत्त्यांच्या मधी कागद हाय. चुकून ऱ्हायलंय का मुद्दाम केलंय?"

मुद्दाम केलेलं होतं. का ते पुढं सांगतो, पण जन्मात ट्यूब अँप न बघितलेल्या माणसानं पहिला प्रश्न बरोबर जागेवर विचारला. आपण किट घेताना तो विचारतच नाही. आपण बघतो ट्यूब कुठल्या कंपनीची, कॅबिनेटचं कापड कसलं, यूट्यूबवर आवाज कसा येतोय.

आधी ट्यूब म्हणजे काय ते. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतली तीच ही काचेची नळी. तो रेडिओ चालू केला की थोडा वेळ मुका बसायचा, आठवतंय का, कारण आतला कॅथोड तापून लाल व्हायला वेळ लागतो. धातू असा तापला की त्यातनं इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि नळीत हवा नसल्यामुळं ते सरळ समोरच्या प्लेटकडं धावतात, कारण प्लेटला अडीचशे-तीनशे व्होल्ट दिलेले असतात. १९०४ला फ्लेमिंगनं अशी दोन टोकांची नळी केली, १९०६ला ली डी फॉरेस्टनं मध्ये एक जाळी घातली आणि खरी गंमत तिथं सुरू झाली. जायकवाडीचं गेट डोळ्यासमोर आणा. गेट वर-खाली करायला जेवढी ताकद लागते त्याच्या कितीतरी पट जोराचं पाणी खालनं जातं. जाळीचं तसंच आहे, गिटारच्या पिकअपमधनं (तारेचं हलणं विजेत बदलणारा भाग) आलेला पॉइंट एक व्होल्टचा सिग्नल जाळीला दिला की प्लेटवर त्याचा पाच-साडेपाच व्होल्टचा मोठा भाऊ तयार होतो. १२एएक्स७ ही गिटार अँपमधली सगळ्यात कॉमन ट्यूब, तिचा एक अर्धा भाग साधारण पन्नास-साठ पट वाढवतो आणि एका काचेत असे दोन भाग असतात.

मग ट्रान्झिस्टर १९४७ला आल्यावरही गिटारवाले ट्यूबलाच का चिकटून बसले? जादूबिदू काही नाही. तार जोरात छेडली की अँपची ताकद संपते आणि लाटेचं डोकं कापलं जातं. साध्या ट्रान्झिस्टर अँपमध्ये ते सुरीनं कापल्यासारखं सपाट होतं, साध्या ट्यूब अँपमध्ये आधी दबतं, मग हळूहळू चपटं होतं. त्यात एकच पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकरला ताकद देणारी शेवटची ट्यूब, असलेला अँप वरची बाजू आणि खालची बाजू सारखी दाबत नाही, त्यामुळं दुसरं हार्मोनिक जास्त येतं. भजनाच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही सा वाजवला की अँप त्यात थोडा वरचा सा मिसळतो. तिसरं हार्मोनिक म्हणजे त्याच्याही वरचा प. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे परकं वाटायचं कारणच नाही.

आता किट. पहिलं किट घेणाऱ्याला मी एकच सांगतो, फेंडर चॅम्पचं ५एफ१ सर्किट घ्या. १९५०च्या दशकाच्या शेवटीचं सर्किट आहे, एक १२एएक्स७, एक ६व्ही६ पॉवर ट्यूब आणि एसीचं डीसी करायला ५वाय३, बास. व्हॉल्यूमचं एकच बटण. अमेरिकेत मोजोटोन, स्ट्यूमॅक, वेबर असे बरेच जण ह्याचं किट विकतात. लोकांना वाटतं ५ वॅट म्हणजे खेळणं, आमच्याकडं डीजेच्या गाडीवर हजारांत वॅट मोजायची सवय लागलीय ना. पण एका वॅटला ९३ डेसिबल देणारा स्पीकर असेल तर ५ वॅटला एका मीटरवर १०० डेसिबल होतात, शेजारी भिंत वाजवतात. आणि ५० वॅटचा अँप ह्याच्या दहापट मोठा वाजत नाही, कानाला साधारण दुप्पट वाटतो, कारण दहापट पॉवर म्हणजे फक्त १० डेसिबल जास्त. वर त्या मोठ्या अँपमध्ये व्होल्टेज जास्त, ट्यूबा जास्त, बायस, म्हणजे गाणं बंद असताना ट्यूबमधनं किती करंट जावा ते, सेट करायची भानगड वेगळी. दोन ६व्ही६चं ५ई३ किंवा दोन ईएल८४चं १८ वॅटचं मार्शल सर्किट दुसऱ्या खेपेला करा. आणि कॉपी करायला लाजू नका. १९६२ला लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडर बेसमनचं सर्किट समोर ठेवूनच पहिला मार्शल, म्हणजे जेटीएम४५, उभा केला होता.

पण किटची खरी परीक्षा आवाजाच्या आधी भिंतीतल्या सॉकेटपाशी होते. अमेरिकन किट तिथल्या १२० व्होल्ट ६० हर्ट्झसाठी केलेलं असतं. आपल्याकडं २३० आणि ५०. १२०चा पॉवर ट्रान्सफॉर्मर सरळ आपल्या सॉकेटला लावला तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज जातो. मग लोक म्हणतात २३०चे १२० करणारा स्टेपडाउन लावू की, त्यात काय. त्यात हर्ट्झ राहतात ना राव. कोअरमधलं चुंबकत्व व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी ह्या हिशोबानं चालतं, ६०चं ५० झालं की तेच व्होल्टेज असून चुंबकत्व २० टक्के वाढतं, कोअर भरत येते आणि ट्रान्सफॉर्मर तव्यासारखा तापतो. मे महिन्यात आपल्याकडं खोलीतच ४० डिग्री असतात, त्याला अजून तापवायचं कशाला. म्हणून ऑर्डर करायच्या आधी मेल टाकून विचारायचं, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला, म्हणजे वीज आत घेणाऱ्या वेढ्यांना, २३० आणि २४० असे दोन्ही टॅप (जोडायची टोकं) आहेत का आणि तो ५० हर्ट्झसाठी आहे का. सरळ उत्तर आलं नाही तर ते किट सोडून द्या.

दोन टॅप कशाला? कारण २३० हे फक्त बिलावरचं व्होल्टेज आहे. मी आठवडाभर मीटर लावून बघितलं, रात्री अकराला २५० आणि शेताच्या मोटरी चालू झाल्या की १९५. ट्यूबचा हीटर, म्हणजे कॅथोड तापवणारी तार, ६.३ व्होल्टचा, त्याला वर-खाली १० टक्के चालतं. २३०च्या टॅपवर २५० आले की हीटरला ६.८५ मिळतात, म्हणजे काठावर. १९५ आले की ५.३४, म्हणजे काठाच्याही खाली, कॅथोड नीट तापतच नाही आणि आवाज बसल्यासारखा येतो. प्लेटचं व्होल्टेज पण त्याच हिशोबानं नाचतं, ३४०चे ३७० होतात. मी २४०च्या टॅपवर जोडलंय आणि पुढं स्टॅबिलायझर ठेवलाय, तो वाजवताना मधीच टक्क करतो, पण चालायचंच.

आता मामांचा कागद. ट्यूबला जास्त व्होल्टेज आणि कमी करंट जमतो, स्पीकरला बरोबर उलटं पाहिजे. ६व्ही६ला समोर ५००० ओहम दिसले तर ती खूश, स्पीकर ८ ओहमचा. मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मी मामांकडं नेलेला तो, ही सोयरीक जमवतो. ट्यूबकडच्या प्रायमरीला २५ वेढे तर स्पीकरकडच्या सेकंडरीला १, आणि ओहम वेढ्यांच्या वर्गानं बदलतात, २५ गुणिले २५ म्हणजे ६२५, आणि ८ गुणिले ६२५ म्हणजे बरोबर ५०००. बारावीचं फिजिक्स एवढं उपयोगी पडेल असं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पण एकाच पॉवर ट्यूबच्या अँपमध्ये एक अडचण असते, गाणं बंद असलं तरी ट्यूबमधनं ४५ मिलिअँपियरच्या आसपास डीसी करंट त्याच प्रायमरीतनं सतत वाहतो आणि कोअर एकाच दिशेला चुंबकून बसते, मग सिग्नलला हलायला जागाच राहत नाही. म्हणून ई आणि आय पत्त्या उलटसुलट न घालता एकाच बाजूनं घालतात आणि मध्ये कागदाची फट ठेवतात. दोन ट्यूबच्या पुशपुल अँपमध्ये दोन्हीकडचा डीसी एकमेकांना खोडतो, तिथं फट लागत नाही. पुशपुलचा ट्रान्सफॉर्मर सिंगल ट्यूबच्या किटमध्ये चालत नाही तो ह्याच कारणानं, आणि वायंडिंगवाल्याकडनं भरून घेणार असाल तर पॉवर ट्रान्सफॉर्मर बिनधास्त द्या पण आउटपुटचं काम देताना ही फट आधी समजावून सांगा. किटच्या किमतीत आणि वजनात सगळ्यात मोठा वाटा ह्या दोन लोखंडी ठोकळ्यांचा असतो, कुरिअरचा खर्च त्यांच्यामुळंच वाढतो, आणि स्वस्त किटमध्ये काटकसर पण तिथंच केलेली असते.

सुटे पार्ट ज्या पाटीवर सोल्डर करायचे त्या बोर्डाबद्दल फार वाद घालू नका. आयलेट बोर्ड, टरेट बोर्ड, टॅग स्ट्रिप, पीसीबी, सगळ्यावर चांगले अँप झालेत. नवख्याला आयलेट किंवा टरेट बरं, कारण चुकलेला पार्ट काढायला सोपा जातो, पीसीबीवर दोनदा सोल्डर काढलं की तांब्याची पट्टी उखडते. त्यापेक्षा मॅन्युअल बघा. चांगला किटवाला मॅन्युअलची फाइल आधीच वाचायला देतो. त्यात फोटो किती आहेत ते सोडा, कुठल्या पिनवर किती व्होल्ट यायला पाहिजेत त्याचा तक्ता आहे का ते बघा.

तो तक्ता नसता तर माझा अँप आजपर्यंत घुसमटलेलाच राहिला असता. २२ के आणि २२० के (के म्हणजे हजार ओहम) हे दोन रेझिस्टर, एकावर लाल-लाल-नारिंगी, दुसऱ्यावर लाल-लाल-पिवळा. रात्री सीएफएलच्या उजेडात नारिंगी आणि पिवळा सारखेच दिसले आणि मी अदलाबदल केली. अँप चालू झाला, आवाज आला पण मडक्यात तोंड घालून कुणी बोलतंय असा. १२एएक्स७च्या प्लेटवर दीडशेच्या वर यायला पाहिजे होते, मीटर पन्नासच्या आसपास दाखवत होता. आता मी प्रत्येक रेझिस्टर लावायच्या आधी मीटरनं मोजतो, रंगांवर विश्वास ठेवत नाही.

ट्यूबा किटबरोबर येतात त्या घ्या, आजकाल त्या स्लोव्हाकिया, रशिया, चीन इथनं येतात. जुन्या बाजारात बीईएलच्या ट्यूबा मिळाल्या तर जरूर बघा, बंगळुरूच्या ह्या सरकारी कंपनीनं एकेकाळी रेडिओसाठी भरपूर ट्यूबा केल्या. घेताना काचेच्या आतला चंदेरी डाग बघायचा, बहुतेक ट्यूबमध्ये तो डोक्याला असतो. ते बेरियम आहे, आत उरलेली हवा खाऊन टाकायला ठेवलेलं. डाग आरशासारखा असेल तर ठीक, दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरलीय, फुकट दिली तरी घेऊ नका.

आणि अर्थिंग. अँपची पत्र्याची पेटी तिसऱ्या पिनला जोडलेली असते, आत तीनशेच्या वर व्होल्ट आहेत आणि तुमच्या हातात गिटारच्या तारा त्याच पेटीला जोडलेल्या आहेत, त्यामुळं तिसरी पिन कापून टू-पिनमध्ये खुपसायचा उद्योग इथं करायचा नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासनं सुटते आणि कोरडी माती करंट नेत नाही. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घातलेला असतो तो वायरमननं उगाच घातलेला नाही, त्यात मार्च ते जून अधनंमधनं बादलीभर पाणी टाकायचं आणि वायरमनकडनं एकदा तपासून घ्यायचं.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड लावा, वायरमनकडं असतो तोच, जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. एलईडी नाही चालणार. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे, बंद करा. आणि प्लग काढला म्हणजे अँप मेला असं समजू नका, फिल्टरच्या कपॅसिटरमध्ये (डीसी सपाट करायला वीज साठवणारे डबे) तीनशे व्होल्ट तसेच बसलेले असतात. १० के ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपनं लावून दोन-तीन सेकंद धरायचा, मग मीटरनं शून्य बघायचं, मगच हात घालायचा. स्पीकर न जोडता तर अँप वाजवायचाच नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांत ठिणगी पडून तो जातो.

रेझिस्टर जागेवर गेल्यावर माझा अँप छान वाजायला लागला, पण मागं एक घरघर होती. ती कसली हे शोधायला गिटारच पुरते. सहाव्या तारेच्या तिसऱ्या पट्टीवर जी वाजवायचा, तो ९८ हर्ट्झचा. घरघर त्याच सुरात असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे फिल्टरचे कपॅसिटर. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे बहुतेक हीटरच्या वायरी. माझी खालची निघाली. हीटरच्या दोन वायरी एकमेकींना घट्ट पीळ देऊन कोपऱ्यातनं न्यायच्या असतात, मी त्या सैल सोडल्या होत्या. पीळ दिला, एक हात खिशात ठेवून लांब सुक्या बांबूच्या काडीनं त्यांना जाळीच्या वायरीपासनं बाजूला सारलं आणि घरघर जवळपास गेली.

मग मामांना ऐकवायला दुकानात घेऊन गेलो, सिरीज बोर्ड तिथं होताच. तासभर वाजवलं. मामांनी मधीच उठून तळहात पॉवर ट्रान्सफॉर्मरवर ठेवला, मनातल्या मनात काहीतरी मोजत बसले, आणि हात तसाच ठेवून म्हणले, "वाजवा अजून. निवांत हाय हे."