आधारचा अंगठा लॉक कसा करायचा?

गावात बँकेची शाखा नसली तरी किराणा दुकानातल्या मशीनवर अंगठा ठेवून खात्यातले पैसे काढता येतात. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा, बस्स. ओटीपी नाही, पिन नाही. वयस्कर माणसांची ही मोठी सोय आहे आणि चोरांनी तीच हेरली. काही राज्यांत जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून नकली अंगठे बनवले गेले आणि त्यावर लोकांचे पैसे काढले गेले. अंगठा बदलता येत नाही, पण लॉक करता येतो, म्हणजे तो कोणत्याही मशीनवर चालत नाही.

कोणताही आधारधारक हे करू शकतो. शुल्क नाही, कागदपत्रं नाहीत. अट एकच: मोबाइल नंबर आधारला जोडलेला आणि चालू हवा. जुना नंबर बंद असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्या. त्यासाठीही कागद लागत नाही, फक्त ठरलेलं शुल्क द्यावं लागतं.

मग मायआधार या आधारच्या अधिकृत पोर्टलवर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करा, बायोमेट्रिक लॉकचा पर्याय निवडा, संमतीच्या चौकटीत खूण करा. एमआधार ॲपमधूनही होतं. बोटांचे ठसे, डोळे आणि चेहरा, तिन्ही लॉक होतात.

आता खरी अडचण. रेशन दुकानात, हयातीच्या दाखल्याला, नवीन सिम घेताना बऱ्याचदा अंगठा लागतो. लॉक असेल तर मशीनवर ३३० हा एरर कोड येतो. म्हणून रांगेत उभं राहण्याआधी तात्पुरतं अनलॉक करा. थोड्या वेळाने ते आपोआप पुन्हा लॉक होतं. आई गावी आणि आधारला जोडलेला नंबर पुण्यातल्या मुलाचा, असं असेल तर ओटीपी वेळेवर मिळणार नाही आणि माऊली रेशनविना परतेल. तिच्या हातातला नंबरच जोडा, मगच लॉक करा.

लॉकने ओटीपीचे व्यवहार थांबत नाहीत. त्यामुळे ओटीपी कुणालाही सांगू नका. झेरॉक्स मागितली तर शक्य तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात.

मायआधारवरच गेल्या ६ महिन्यांत आधार कुठे वापरलं गेलं, त्याची नोंद पाहता येते. अनोळखी नोंद दिसली तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर कळवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या.