गलबताची मागची काठी कशाला असते?

नौदलाचं ते कौंडिण्य नावाचं शिडाचं जहाज, गोव्यात फळ्या काथ्याने शिवून बांधलेलं, २०२५ मध्ये कारवारला दाखल झालं, तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर जहाजांचे फॉरवर्ड थांबायलाच तयार नाहीत. परवाचा नमुना असा की आंग्र्यांच्या गलबतांना वाऱ्याच्या विरुद्ध जायची "गुप्त विद्या" येत होती आणि इंग्रजांना ती शेवटपर्यंत कळली नाही. अहो, इंग्रजांची जहाजंही वाऱ्यावर तिरकी चढायची, अरबांचीही चढायची. विद्या होती, पण गुप्त कसली, नववीचा न्यूटन आहे तो.

आधी गलबत म्हणजे काय ते बघू, कारण आपण कुठल्याही जुन्या जहाजाला गलबत म्हणून टाकतो. अठराव्या शतकात रॉबर्ट ऑर्म नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार होता, त्याने आंग्र्यांच्या आरमाराचं बारीक वर्णन केलंय. गुराब मोठी, गलबत छोटं, मोठ्यातलं मोठं गलबतही ७० टनांच्या वर क्वचितच. डेक बहुतेक वेळा चिरलेल्या बांबूचा, वजन कमी राहावं म्हणून. ४०-५० वल्ही, वारा पडला तर तासाला चारेक मैल वल्हवत न्यायचं. आणि डोलकाठ्या दोन. पुढची दणदणीत, तिच्यावर एकच मोठं तिकोनी शीड, चढवलं की त्याचं टोक डोलकाठीच्याही बरंच वर जायचं. मागची मात्र अगदीच किरकोळ.

मला ही मागची किरकोळ काठीच आवडते. एवढंसं शीड लावून असा कितीसा वेग मिळणार? तर ती मुख्यतः वेगासाठी नाहीच्चे.

पण त्याआधी वाऱ्यावर चढायचं कसं ते. बऱ्याच जणांच्या डोक्यात शीड म्हणजे मागून वारा ढकलतो असं असतं. ते फक्त वारा पाठीवर असताना खरं. वारा बाजूने किंवा तिरका समोरून आला की शीड त्याला वळवतं, आणि हवेला एकीकडे वळवलं की हवा शिडाला दुसरीकडे ढकलते, क्रिया-प्रतिक्रिया. (फुगीर बाजूच्या हवेला लांब जायचं असतं म्हणून ती पळते आणि दोन्ही एकाच वेळी पोचतात, हे सगळीकडे छापून येतं, ते चूक आहे, तिला कुणी वेळ पाळायला सांगितलेली नाही.) हा धक्का साधारण शिडाला काटकोनात, म्हणजे थोडा पुढे आणि बराचसा आडवा. आडवं जाऊ देत नाही तो खालचा पठाण, म्हणजे बोटीचा कणा, आणि पाण्यात बुडालेलं अंग. पाणी हवेपेक्षा आठशे पट जड, त्यामुळे खालचा छोटासा आडोसाही पुरतो. आडवी वाट बंद, मग बोट पुढेच सटकते, फणसाची बुळबुळीत आठळी दोन बोटांत दाबली की सटकते तशी.

अगदी वाऱ्याच्या तोंडावर सरळ कुणीच जात नाही, नागमोडी जावं लागतं. वाऱ्याशी ६० अंश ठेवून गेलात तर वाऱ्याकडे १० किमी सरकायला २० किमी पाणी कापायचं. कोकणात पावसाळा सोडला तर दुपारचा वारा बहुतेक वायव्येचा, म्हणजे विजयदुर्गाहून मुंबईकडे निघालेल्या तांडेलाला, म्हणजे बोट हाकणाऱ्याला, हा हिशोब रोजचाच. पहाटे मतलई वारा जमिनीकडून सुटतो तेव्हा जमेल तेवढं उरकून घ्यायचं.

आता मागची काठी. शिडावरचा सगळा धक्का एका बिंदूवर एकवटलाय असं धरा. पाण्याखालचा सगळा विरोधही एका बिंदूवर, तो म्हणजे दाराची बिजागरी समजा. शिडाचा बिंदू बिजागरीच्या पुढे पडला तर वारा नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, ढकलून लांब नेतो, मागे पडला तर वरामी, म्हणजे मागचं टोक, ढकललं जातं आणि नाळ वाऱ्याकडे वळते. दोन्ही वेळा सुकाणू सतत तिरकं धरून ठेवावं लागतं, आणि तिरकं सुकाणू म्हणजे ब्रेक दाबून गाडी चालवणं.

समजा पुढचं शीड ४० चौरस मीटर, त्याचा बिंदू बिजागरीच्या अर्धा मीटर पुढे. ४० गुणिले अर्धा म्हणजे २०. मागचं शीड फक्त ५ चौरस मीटर, पण ४ मीटर मागे. ५ गुणिले ४, परत २०. फिटलं! दार बिजागरीपाशी ढकलून बघा आणि कडीपाशी ढकलून बघा, तोच प्रकार. म्हणून ती काठी बारीक चालते, पण मागे हवी. अर्थात वारा दोन्ही शिडांवर सारखा पडत नाही, बोट कलली की पाण्याखालचा आकार बदलतो आणि बिजागरीच सरकते, वेग वाढला की आणखी सरकते, तेव्हा हा २० चा पाढा खऱ्या दर्यात दर मिनिटाला बिघडतो आणि तांडेल मागच्या शिडाचा दोर कमीजास्त करून तो परत जुळवत राहतो. इथे कुणी हरवलं असेल तर सोडून द्या, दार तेवढं लक्षात ठेवा.

तांडेलावरून आठवलं, नारळी पौर्णिमेला नारळ दिला की दर्या शांत होतो असं दरवर्षी कुणीतरी सांगतंच. श्रावण अर्धा होतो तसा पावसाळी वाऱ्याचा जोर ओसरायला लागतो, ते ओळखून सण त्या दिवशी बसवलाय. नारळ जरूर द्या, नारळीभात तर द्याच, फक्त श्रेय वाऱ्याला.

मी हे सगळं टबात करून पाहिलं. थर्माकोलचा तुकडा, टूथपिकवर पत्त्यातला राजा शीड म्हणून, टेबल फॅन (पाण्यापासून लांब ठेवा, बायको उगाच ओरडत नव्हती). पहिल्यांदा तुकडा नुसता खेकड्यासारखा आडवा गेला. खाली उभी स्टीलची पट्टी खोचली, तर पुढे जायला लागला पण तोंड फॅनपासून फिरवून. मागच्या टोकाला अर्धी कापलेली दुर्री लावली आणि तीन-चारदा मागेपुढे केल्यावर टब ओलांडून तिरका पलीकडे गेला. मग राजा काढून टाकला, फक्त दुर्री ठेवली. तुकडा हळूहळू वळला आणि फॅनकडे तोंड करून डुलत राहिला. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचे कोळी त्यांच्या 'लगर' नावाच्या दोन काठ्यांच्या बोटींवर रात्री जाळं टाकलं की हेच करायचे, पुढची काठी आडवी पाडून फक्त मागचं शीड ठेवायचं, की बोट वाऱ्याला तोंड देऊन जाळ्यापाशी गप उभी.